आंघोळीआधी जवळ घेण्याबाबत

मी, रंगनाथ तुकाराम खळदकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी पास, राहणार येरवडा, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. नाव रंगनाथ आहे. निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलने दिलेल्या मानपत्रावर रघुनाथ छापले आहे. ती तिथल्या कारकुनाची चूक, आणि चार वेळा जाऊन सांगितले तरी त्याने ती दुरुस्त केली नाही. उद्या कोणी रघुनाथ खळदकर उभा राहून घर मागू लागला तर त्यास देऊ नये.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी यमुनाबाई शेजारी बसून मटार सोलत आहे आणि मधूनमधून बोलत आहे, तो दबाव धरू नये. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉ. हेमा मॅडमनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्या कॅन्सरच्या डॉक्टर आहेत, डोक्याच्या नव्हेत. पण सव्वीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले, तेव्हा माझ्या डोक्याची त्यांना पुरती माहिती आहे. जिना चढताना छातीत धडधडते ते गॅसमुळे, असे त्यांचे म्हणणे. मला तसे वाटत नाही.

घाईने लिहिण्याचे कारण असे. माझी नात स्पृहा डॉक्टर झाली. आता तिला पुढच्या शिक्षणासाठी रेडिओथेरपीची जागा मिळाली आहे, तीही मी एकतीस वर्षे जिथे नोकरी केली त्याच हॉस्पिटलात. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत रुजू व्हायचे, नाहीतर जागा जाते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा योगेश, ऐकायला तयार नव्हता. म्हणाला, वर्ष गेले तरी चालेल, पुन्हा परीक्षा दे, त्वचारोग घे, डोळ्यांचे घे, कॅन्सर नको आणि ती मशिने नकोत. स्पृहा मला म्हणाली, "आबा, बाबा मनापासून हो म्हणाले तरच जाईन. भांडून नाही जाणार." तेव्हा शुक्रवारपासून मी कागद घेऊन बसलो. कागदावर मला नीट सुचते.

कलम १. घर. येरवड्याचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. माझ्यामागे यमुनाबाई हयात असेतोवर तिथे राहील. तिला कोथरूडला योगेशकडे चला म्हणून कोणी गळ घालू नये, तिला लिफ्टची भीती वाटते. (ती म्हणते, "मला नाही, तुम्हाला वाटते.") तिच्यानंतर घर स्पृहाचे. स्पृहाने आतासुद्धा येऊन राहावे, हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर आहे. राहणाऱ्याने गुरुवारी पाणी नसते हे ध्यानात ठेवावे, बुधवारी पिंप भरावे, आणि मोरीतला नळ बंद आहे का ते दोनदा पाहावे. उघडा राहिला तर शुक्रवारी पहाटे खालच्या वाबळ्यांच्या घरात खडकवासला शिरतो. एकदा शिरला आहे.

कलम २. बँकेत जे आहे ते यमुनाबाईचे. पासबुक गव्हाच्या डब्यात आहे. चोर गव्हात हात घालत नाही, असा माझा अंदाज.

कलम ३. हत्यारे. मी रेडिओथेरपी विभागात मदतनीस होतो. आमचे पेशंट त्या उपचाराला शेक म्हणत, म्हणून आम्हीही शेकखातेच म्हणत असू. शेजारी मात्र मी एक्स-रेत कामाला आहे असे सांगितले, कारण कॅन्सर म्हटले की लोक हातचा चहा घेत नसत. ज्याला गळ्याचा किंवा तोंडाचा आजार, त्याला शेक घेताना केसभर हलून चालत नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचा, टेबलाला अडकवून डोके जागेवर धरणारा मुखवटा करावा लागे. आधी प्लास्टरचा, पुढे जाळीच्या प्लास्टिकचा. ते प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करायचे, दोघांनी धरून चेहऱ्यावर ओढायचे आणि घट्ट होईपर्यंत बोटांनी नाक-हनुवटी दाबत राहायचे. तेवढा वेळ माणूस फार भितो. मी त्याहून भित्रा, म्हणून सारखा बोलत राही. गाव कुठले, पाऊस कसा, एसटी कितीला सुटते. हेमा मॅडम म्हणत, "रंगनाथराव, तुमच्या बडबडीने पेशंट इतका कंटाळतो की हलायचंच विसरतो."

माझी कात्री, चिमटा आणि नाकाशेजारी दाबायची गुळगुळीत लाकडी पट्टी, हे सर्व स्पृहास. हल्ली बरेचसे कॉम्प्युटरवर होते असे ऐकतो, पण नाक अजून नाकाच्याच जागी असेल.

शेक संपला की काही पेशंट मुखवटा घरी नेत. इंदापूरकडच्या चंद्रभागाबाईंनी आपला मुखवटा ज्वारीच्या शेतात काठीवर लावला. पाखरे फिरकेनात. "नवऱ्यानं जन्मात ऐकलं नाही, पाखरं ऐकत्यात माझं," असे त्या सगळ्या विभागाला सांगत. सत्तावीस वर्षे झाली, बाई ठणठणीत आहेत. दर हिवाळ्यात तपासणीला येतात आणि हुरडा आणतात. त्यातला माझा वाटा यापुढे स्पृहाने घ्यावा, पण आधी मॅडमना द्यावा.

कलम ४. तळमजल्यावरचे सर्जेराव वाबळे यांच्याकडे असलेली अॅल्युमिनियमची शिडी माझी आहे. सात वर्षांपूर्वी ते ती दिवाळीचा आकाशकंदील लावायला घेऊन गेले. ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि सहीआधी वाचणार आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

कलम ५. माझी चूक. हे कलम मिळकतीचे नाही. ठेवू का, असे हा कागद तपासून देणाऱ्या वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, कागद तुमचा आहे."

मी कामाला लागलो तेव्हा कोणीतरी सांगितले की मशीनचे किरण कपड्यांत बसतात आणि घरी येतात. मी धास्ती घेतली. किरण किती लागले ते कळावे म्हणून छातीवर एक बिल्ला लावायला देत. दर तीन महिन्यांनी त्याचा अहवाल येई, आणि माझ्या नावापुढे काही नसे. मला वाटे, बिल्लाच बिघडला असेल. म्हणून रोज संध्याकाळी दारात उभा राहून ओरडायचो, "शिवू नका!" कपडे बादलीत, मी मोरीत. आंघोळ झाल्याशिवाय पोराला जवळ घेत नसे. योगेश आठ वर्षांचा असताना पहिल्या नंबराचे प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडे धावत आला. मी असा ओरडलो की तो भिंतीला चिकटला. आंघोळ करून बाहेर आलो, तोवर तो खेळायला निघून गेला होता. प्रगतिपुस्तक ओट्यावर होते.

या शुक्रवारी तो आला तेव्हा मी म्हणालो, "अरे, चांगलं खातं आहे ते. काही होत नाही."

"काही होत नाही? मग तुम्ही दारातून कशाला ओरडायचात, बाबा?"

मी उठून मोरीतला नळ बंद आहे का ते पाहून आलो.

काल सकाळी हेमा मॅडम दाखला घेऊन घरी आल्या. योगेशही होता. त्याने सरळच विचारले, "मॅडम, ते कपड्यांना लागतं का हो?"

मॅडमनी त्याच्याऐवजी माझ्याकडे पाहिले. "रंगनाथराव, हे मी तुम्हाला चौऱ्याऐंशी साली सांगितलं होतं. दिवा बंद केला की उजेड शर्टाला चिकटून घरी येतो का? तसंच आहे ते."

"हो, सांगितलं होतंत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हो म्हणालो."

"आणि?"

"आणि घरी जाऊन आंघोळ केली."

यमुनाबाईने हातातली परात खाली ठेवली. "म्हणजे रोज तिन्हीसांजेला मी बंब पेटवत होते, तो उगाच? पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून फुंकून डोळे गेले माझे!"

"मॅडमचं चुकलं असतं तर?" मी म्हणालो.

"एवढ्या शिकलेल्या त्या चुकणार, आणि तुम्ही सातवी पास तेवढे बरोबर!"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. योगेशही हसला. हसता हसता थांबला आणि खाली बघून म्हणाला, "उद्या स्पृहाला मुलं होतील. ती कामावरून आल्यावर त्यांना जवळ घेईल ना? मला तेवढंच विचारायचं होतं."

मॅडम म्हणाल्या, "मी दोन वाढवली. चपला काढायच्या आधी उचलून घ्यायचे."

मी उठलो. सकाळचे दहा वाजले होते, माझी आंघोळ व्हायची होती. पन्नास वर्षांच्या पोराला मी तसाच जवळ घेतला. हात कुठे ठेवावे हे त्याला कळेना, मलाही कळेना. यमुनाबाई म्हणाली, "बनियन तरी बदलायचं होतं." पण कोणी कोणाला सोडले नाही.

तरी सर्वांच्या माहितीसाठी लिहून ठेवतो, की किरण कपड्यांतून घरी येत नाहीत. भीती माझी होती, ती मी घरी आणली. यापुढे या कारणाने घरातल्या कोणीही कोणाला दारात थांबवू नये.

कलम ६. योगेशबाबत. शुक्रवारच्या कच्च्या कागदात घर योगेश आणि स्पृहा दोघांचे होते. आज तो आला आणि म्हणाला, साक्षीदार म्हणून मी सही करतो. वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद निघतात.

"मग मला काही देऊ नका," योगेश म्हणाला.

"असं कसं? एकुलता एक तू. लोक काय म्हणतील?"

"बाबा, लवकर लिहा. गाडी गल्लीत आडवी लावून आलोय."

म्हणून या मृत्युपत्राने योगेशला काहीही दिलेले नाही. ते रागाने नव्हे, त्याच्याच हट्टाने, हे वाचणाराने ध्यानात घ्यावे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, चष्मा बदलून पुन्हा वाचले. काहीतरी राहून गेले असावे असे अजून वाटत आहे. राहू दे.

ठिकाण: येरवडा, पुणे
दिनांक: ७ डिसेंबर २०२५, रविवार

सही: रंगनाथ तुकाराम खळदकर

साक्षीदार १: सर्जेराव दगडू वाबळे, तळमजला. वाचून सही केली.

साक्षीदार २: योगेश रंगनाथ खळदकर, कोथरूड. वडिलांनी माझ्यासमोर सही केली. उद्या सकाळी साडेआठला स्पृहाला रुजू व्हायला मी सोडणार आहे. संध्याकाळी आणायलाही मीच जाणार.