तिसरा बंध

लीड्स, १२ नोव्हेंबर १९५६

प्रिय म्युरियल एडिथ पेनफोल्ड,

तुझे पूर्ण नाव मुद्दाम लिहितो आहे. विभागाच्या नव्या शोधनिबंधात ते कोठेही नाही.

तुझ्या अंत्यविधीला सात आठवडे झाले. घरी सर्व ठीक आहे, जेरेनियमना पाणी घालतो. आज प्रयोगशाळेतील तुझी खोली रिकामी केली.

जिन्याजवळचे डीएनएचे मॉडेल आठवते ना? ग्वानिन आणि सायटोसिन या समोरासमोरच्या घटकांत दोन नव्हे, तीन हायड्रोजन बंध असतात, असे तू म्हणालीस, तेव्हा प्रोफेसर हॅलिवेल हसले होते. "मिसेस पेनफोल्ड, हे काय विणकाम आहे, वाटेल तिथे टाका घालायला?" आज तेथे तिसरी काडी बसवलेली आहे.

मी तिसऱ्या बंधाची आकृती असलेली तुझी वही त्यांच्यापुढे उघडली.

"अहो पेनफोल्ड, बाईंचा हात सफाईदार होता, पण विचार आमचा. वही विभागाची आहे, ठेवून जा. चहा घेणार?"

एकेकटा बंध दुबळा असतो, पुष्कळ मिळूनच दोन साखळ्यांना धरून ठेवतात, असे तू सांगत असायचीस. तुझ्या बाजूने मी एकटाच होतो.

परक्याची वस्तू मी आजवर उचललेली नाही. तुझी वही माझ्या कोटात आहे.

तुझाच,
आर्थर

ता. क. दाराला कुलूप लावले. किल्ल्या विभागाला परत केल्या.