नऊ नंबरचं बनियन

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी इकडे ठणठणीत आहे, म्हणजे कमरेखाली जेवढा उरलोय तेवढा. तुझं पत्र मिळालं. भाऊजी हल्ली रोज सकाळी सातला खुर्चीत डोळे मिटून बसतात, पाऊण तासाने उठतात तेव्हा सदरा पिळून काढावा लागतो, आणि डॉक्टरांना काहीच सापडत नाही, हे वाचून काळजी वाटली. त्यांचा गुडघा कसा आहे, तेही कळव. (मीच मोडलेला. चौदा वर्षं झाली. तू माझ्या वतीने माफी मागायला दवाखान्यात गेलीस आणि लग्न ठरवून परत आलीस. पाय मोडून सोयरीक जुळवणारा आपल्या घराण्यात मी एकटाच.)

आता माझ्या नोकरीचं. तुझ्या सासूबाई मला अजून ‘कवायतीचे मास्तर’ म्हणतात, म्हणू देत. मी बारा वर्षं फुटबॉलच्या बचावफळीत काढली. बचावपटूचं नाव पेपरात दोनदाच येतं, गोल खाल्ला की आणि कुणाला जायबंदी केलं की, आणि माझं दोन्ही कारणांनी आलं. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर क्लबने मला फिटनेस कोच केलं. काम सोपं आहे. स्वतःला पळता येत नाही म्हणून दुसऱ्यांना पळवायचं. सकाळी सात ते पावणेआठ खेळाडू धावतात. प्रत्येकाच्या जर्सीखाली एक घट्ट बनियन असतं, त्याच्या पाठीवरच्या खिशात काडेपेटीएवढं यंत्र, आणि कोण कुठे किती धावला हे माझ्या पडद्यावर नंबराच्या ठिपक्याने दिसतं. (गेल्या वर्षी एका आळशी गोलकीपरने आपलं बनियन माळ्याच्या कुत्र्याला घातलं. कुत्रा अकरा किलोमीटर धावला, आणि मी भर सभेत गोलकीपरच्या जिद्दीवर दहा मिनिटं बोललो. तेव्हापासून हेडमास्तर, म्हणजे आमचे मुख्य प्रशिक्षक, माझा प्रत्येक अहवाल दोनदा वाचतात.)

तर तीन आठवड्यांपूर्वी मी अठरा बनियनं वाटली आणि पडद्यावर ठिपके एकोणीस. जास्तीचा नऊ नंबर. नऊचं बनियन फाटलंय, ते माझ्याच कपाटात यंत्रासकट पडून असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात. मी आधी कुत्र्याकडे बघितलं, कारण तो सराईत गुन्हेगार. तो रेषेबाहेर बसला होता. पण त्याची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होती, रिकाम्या गवतावरून कुणी जावं तशी. मी पडद्यावर बघितलं, नऊचा ठिपका तेवढ्याच वेगाने तिकडेच चालला होता. मग मी दुसऱ्या दिवशी कुत्र्याला बांधून ठेवायला सांगितलं. त्याने माझ्या अंगावरचे शहारे काही कमी झाले नाहीत.

ठिपका रोज एकच करतो. डाव्या बाजूने सुसाट येतो, एकदम आत वळतो, आणि डाव्या गोलसमोरच्या चौकटीच्या कोपऱ्यात थांबतो. चार मिनिटं हलत नाही. मग पावलापावलाने मैदानाबाहेर जातो आणि विझतो. मी सगळे उपाय केले. यंत्र बदललं, बॅटरी काढली. बॅटरी काढल्यावरही तो आला, उलट जरा लवकरच आला. हेडमास्तरांना सांगितलं तर त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला.

ताई, ते वळण मला पाठ आहे. चार वर्षं मी त्या वळणाच्या मागे धावलोय. खांदा एकीकडे टाकायचा आणि निघायचं दुसरीकडे, असं आपल्या माहितीत एकच माणूस करायचा. भाऊजी याच मैदानात, त्याच कोपऱ्यात पडले होते, आणि स्ट्रेचर यायला चार मिनिटं लागली होती.

काल मी खेळाडूंना पलीकडच्या मैदानावर पाठवलं आणि पडदा हातात धरून त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. घाबरलो होतो, लपवत नाही. ठिपका आला, वळला, आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबला. समोर नुसतं गवत. पण श्वास ऐकू येत होता, धावून आलेल्या माणसाचा, आणि गवत एका जागी दबलं होतं. मी कुठल्या पायावर भार देतोय हे तो बघत होता. मी कोणताच पाय टाकला नाही, बाजूला झालो. वारा बिलकूल नव्हता, तरी जाळी थरारली. मग नऊ नंबर थांबलाच नाही. पूर्ण मैदान, फेरीवर फेरी, पावणेआठपर्यंत. मी तिथेच बसून रडलो, आणि कुत्र्याने येऊन माझा कान चाटला. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. हेडमास्तरांनी हुकूम काढलाय, सोमवारी नऊ नंबर यंत्रातून कायमचा पुसायचा, नाहीतर मला पुसणार. पुसलं तर कदाचित भाऊजींचा घाम थांबेल. पण घामाबरोबर आणखी काय थांबेल ते मला माहीत नाही. म्हणून हे सगळं लिहिलं. काल सकाळी खुर्चीतून उठताना त्यांचा चेहरा कसा होता, एवढं आठवून ठेव. आणि पुसू की राहू देऊ, हे त्यांनाच विचारायला हवं. नोकरीचं मी बघेन.

ता. क. दुसरा. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की मी चेंडूच खेळलो, पाय चुकून लागला. तुलाही तेच सांगून दवाखान्यात पाठवलं. चेंडू तिथे नव्हता, ताई. तो केव्हाच पुढे गेला होता आणि मला दिसला होता. तरी मी पाय टाकला. हे तू त्यांना सांगू नकोस, ते मी सांगायला हवं. रविवारी सकाळी येतोय, सातच्या आधी. दार तू उघड, त्यांना उठायला लावू नकोस.