रेषेच्या टोकाला कोण?

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. खरोखर घातला तर उठवायला कुणीतरी लागेल, आणि इथे मी एकटा आहे.) तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालेला नव्हे, दुसरा. पहिल्याचे एवढे लाड बघून तो रुसला असेल. जिना चढतेस का? जावई अजून टीव्ही गावाला ऐकू जाईल एवढा मोठा लावतात का? त्यांना नमस्कार आणि माझ्या भाचीला आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. स्टुडिओ वेळेवर उघडतो आणि वेळेवर बंद होतो. मधल्या वेळात काय होतं, ते सांगायला हे पत्र. बसून वाच.

तुला आठवत असेल, ऑपरेशनसाठी लेकीकडे जायच्या दिवशी टॅक्सीत बसल्यावर तू काच खाली करून म्हणालीस, "धाकट्या, फोटोत रेषा शोध. रेषा नजरेला बोट धरून माणसापर्यंत नेते." मी पुढचं विचारणार तोवर टॅक्सी सुटली. आता मला सांग, तुझा जन्म कॅमेऱ्यामागे गेला आणि माझा पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे आखण्यात. निवृत्त झाल्यावर तुझ्या गल्ल्यावर बसून पाकिटांत फोटो भरायचे, एवढाच काय तो माझा या विद्येशी संबंध. ती सगळी विद्या तू टॅक्सीच्या खिडकीतून एका वाक्यात माझ्या अंगावर टाकलीस. पण रेषा हा शब्द ऐकून माझी छाती फुगली हे खरं. म्हटलं, आपण रेषेतून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवलंय, तिथे नजरेची काय कथा.

सुरुवात स्टुडिओतच केली. निळीत भिजवलेली दोरी ताणून, गवंडी मारतात तशा, दारापासून स्टुलापर्यंत जमिनीवर दोन सरळ रेषा मारल्या. (पासपोर्टच्या फोटोत जमीन येत नाही, हे नंतर लक्षात आलं.) गिऱ्हाइकांनी मात्र त्यांचा धसका घेतला. जो येईल तो हात अंगाला चिकटवून, दोन रेषांच्या मधून, श्वास रोखून चालत येऊ लागला. एका आजोबांचा पाय जरा बाहेर पडला, तर ते मुकाट्याने दाराशी परत गेले आणि पहिल्यापासून चालत आले. सगळ्यांचे चेहरे असे काही आलेत की पासपोर्ट कचेरीने त्यांना बाहेर सोडण्याआधी दोनदा विचार करावा. रेषा मी पुसल्या, पण नीळ चिवट असते. अजून लोक बिचकूनच येतात.

मग शाळेचं काम आलं. मुख्याध्यापक निवृत्त होणार, म्हणून सगळ्या शिक्षकांबरोबर त्यांचा फोटो. शाळेचा तो लांब व्हरांडा तू पाहिलेला आहेस. एका अंगाला कठडा, दुसऱ्या अंगाला वर्गांची दारं, खाली फरशांच्या ओळी. रेषांची नुसती लयलूट. मी आदल्या दिवशी जाऊन टेपने मापं घेतली आणि घरी व्हरांड्याचा नकाशा काढला, खात्यात काढायचो तसा, वरून बघितल्यासारखा. कठडा समांतर, भिंत समांतर, फरशा समांतर, आणि टोकाला मुख्याध्यापकांची खुर्ची. नकाशा त्यांना दाखवलासुद्धा. म्हटलं, साहेब, बघणाऱ्याची नजर इकडेतिकडे भटकायची सोयच ठेवलेली नाही. ते इतके खूश झाले की चहा मागवला.

प्रत्यक्षात जिथे कॅमेरा लावायचा तिथे पाण्याचं पिंप निघालं. (पाणी काही माझा पिच्छा सोडत नाही.) म्हणून मी कठड्याकडे सरकलो आणि तिथून नाकासमोर कॅमेरा रोखला. अक्का, नकाशात समांतर रेषा कधी भेटत नाहीत. माझ्या अख्ख्या नोकरीत एकही जोडी भेटली नाही. भेटली असती तर मला नोटीस आली असती. कॅमेऱ्यात मात्र त्या भेटतात, आणि कॅमेऱ्याच्या बरोबर समोर भेटतात, हे मला या वयात कोण सांगणार होतं? सांगणारी टॅक्सीतून निघून गेली. तर कठडा, फरशा, दारं, छताच्या तुळया, सगळ्यांनी एकमताने धाव घेतली ती उपमुख्याध्यापकांच्या नाकाकडे. त्यांचं आणि मुख्याध्यापकांचं बोलणं कित्येक वर्षं फक्त शिपायामार्फत चालतं. मुख्याध्यापक बिचारे कडेला, वाट चुकून आलेल्या पाहुण्यासारखे. उपमुख्याध्यापकांनी फोटो पाहून माझा हात दोन्ही हातांत घेतला; त्यांना तो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा आहे. मुख्याध्यापकांनी नुसता चष्मा पुसला आणि पुन्हा काढू म्हणाले. या खेपेला चहा आला नाही.

मी हार मानली नाही. (तुझाच भाऊ.) दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा सराव सुरू केला. मागच्या दारापर्यंत जाणारा बोळ, माडीवर जाणारा जिना, वाळत घालायच्या तारा, दुकानासमोरचा वळणापर्यंतचा रस्ता. कॅमेऱ्यासमोर काय कुठे भेटतं, ते आता मला नीट कळतं. फोटो इतके सरळ आले की खात्यातल्या साहेबांनी पाहिले असते तर रजा दिली असती. ते सगळे मी गल्ल्यामागच्या भिंतीवर लावले आणि शेजारच्या घड्याळवाल्यांना मुद्दाम बोलावून दाखवले. त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच एकेक फोटो पाहिला. म्हणाले, "रेषा झकास आहेत हो. पण टोकाला कोणी नाही." मी म्हटलं, ही कला आहे, तुम्हाला नाही कळायची. ते गेल्यावर मी स्टूल ओढून भिंतीसमोर बसलो.

बोळाच्या टोकाला मागचं दार आहे, जिथे तू चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर बसायचीस आणि मला वाट द्यायची नाहीस. जिन्याच्या टोकाला तुझी खिडकी आहे, जिथे बसून तू फोटोंतल्या चेहऱ्यांवरचे डाग पुसायचीस. तारांच्या टोकाला तो खिळा आहे, ज्याला तुझा कामाचा काळा झगा लटकायचा. आणि रस्त्याच्या टोकाला ते वळण, जिथे टॅक्सी वळली. मी काही ठरवून काढले नव्हते गं. मी फक्त रेषा शोधत होतो, तू सांगितलंस तशा. त्या बोट धरून नेतात हे अगदी खरं आहे. नेऊन सोडतात आणि तिथे कोणी नसतं. मला करमत नाही, अक्का. स्वयंपाक दोघांचा होतो आणि मग दोन्ही वेळा तोच खातो. दुकानात कोणी खाकरलं तरी मी माडीकडे बघतो.

असो. परवा भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, आईला आता इथेच राहू द्या. स्टुडिओची जागा औषधवाले घ्यायला तयार आहेत. आई म्हणते, धाकटा म्हणेल तसं." मी म्हटलं, अगं, अक्का जिथे सुखात तिथे तिने राहावं, माझी काळजी करू नका, मी अगदी मजेत आहे. ते ऐकून तिला बरं वाटलं. तेव्हा तू तुझ्या मनाला येईल तसं कर. तिथे लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे, नातवंडं आहेत. इथे जिना आहे आणि मी आहे. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. शेवटचा परिच्छेद पत्रात शोभतो म्हणून लिहिला. तो वाचू नकोस. वाचला असशील तर भाचीला सांग की धाकटा नाही म्हणाला.

आणखी एक. औषधवाले जागा मोजायला टेप घेऊन आले होते. सवयीने मीच दुसरं टोक धरलं, मग लक्षात आल्यावर सोडलं. त्यांचा एक फोटो काढला. त्यात सगळ्या रेषा बाहेरच्या दाराकडे जातात. मनात होता तसा आलेला हा माझा पहिलाच फोटो.

तिसरं. मुख्याध्यापकांना सांगून बसलोय की पुन्हा फोटो अक्का काढेल. ते म्हणाले, निवृत्ती पुढे ढकलता येत नाही, फोटो ढकलता येतो. थांबलेत.

आणि हे खरं काम. सोबत समोरच्या रस्त्याचा फोटो पाठवतोय. नीट बघ, वळणापाशी जागा मोकळी आहे. रोज संध्याकाळी मी दारात कॅमेरा त्यावर रोखून बसतो. येशील तेव्हा टॅक्सी थेट दुकानापर्यंत आणू नकोस. वळणापाशी सोड आणि तिथून चालत ये. सामान घड्याळवाले आणतील, त्यांना सांगून ठेवलंय. आणि घाई करू नकोस. तुझ्या गुडघ्याला वेळ लागतो, आणि मलाही फोकस करायला.