यामिनीचं मधलं नाव

प्रिय निहार,

काल तू फोनवर बोलत होतास आणि मी मध्येच फोन ठेवला. गॅसवर दूध उतू जात होतं, असं मी नंदिनीला सांगितलं. दूध तेव्हा फ्रीजमध्ये होतं. तोंडाने जे जमलं नाही ते लिहून बघते. शाळेत सिस्टर अल्फोन्सा म्हणायच्या, बोलणं अडलं की कागद घ्यावा, कागद मध्येच तोडत नाही.

आधी तुझ्या लेकीबद्दल सांगते, कारण काल तू विचारलं नाहीस. ती खिडकीकडे डोळे लावून पडते. नाक थेट तुझ्या बाबांचं. ते असते तर आरशात बघून दहादा खात्री करून घेतली असती. आंघोळीनंतर मी ओवा-शेपाची धुरी द्यायला गेले, तर छताला लावलेलं धुराचं यंत्र केकाटायला लागलं आणि शेजारची बाई चपला उलटसुलट घालून धावत आली. मी कमरेत वाकून माफी मागितली, तीही वाकली. आम्ही दोघी वाकत राहिलो आणि बाळ शांत झोपलं होतं. नंदिनी हसली. मी इथे जपानला आल्यापासून पहिल्यांदाच हसली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली.

यामिनी हे नाव तुझंच. मला पुण्याला फोन करून किती उत्साहाने सांगितलं होतंस, आई, जपानी माणसालाही हे सरळ म्हणता येतं, आणि माझ्या नावापुढे कसं शोभतं बघ. यामिनी निहार मोघे. रात्र आणि तिच्यामागून येणारं दंव. मी ते स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. आमच्या शाळेत हजेरी अशीच व्हायची. स्नेहलता लक्ष्मण ओक, सिस्टर एका दमात म्हणायच्या आणि मला वाटायचं, मागे अप्पा उभे आहेत, पाठीवर हात ठेवून.

स्नेहलता हे तुला ऐकून माहीत असेल, पण कधी लक्षात राहिलं नसेल. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने सुरेखा लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि पहिलं नावही गेलं, मधलंही गेलं. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. तशीच रीत होती. फक्त पुढे कितीतरी दिवस कुणी सुरेखा म्हणून हाक मारली की मी मान वळवायची नाही आणि तुझी आजी म्हणायची, नवी सून ऐकू कमी येणारी दिसते.

आपल्यात मधलं नाव कुणी निवडत नाही, ते असतंच. नंदिनीच्या ऑफिसातल्या एका परदेशी मुलीने तिला विचारलं होतं म्हणे, मिडल नेम काय शोधलंत? तेव्हा तुम्ही दोघं हसला होतात. आता मात्र आम्ही सासू-सुना रोज तेच शोधत बसलो होतो. इथे दोन आठवड्यांच्या आत वॉर्ड ऑफिसात नाव लिहून द्यावं लागतं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, त्यात शोधायचं काय? निहार घाल. ती म्हणाली, आई, दुसरं कुठलंही सांगा. हे नको.

मी तुझी बाजू घेतली, निहार. आईच आहे मी. तू घर सोडून कोबेला गेलास, दुसरीबरोबर राहतोस, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण म्हटलं, नवरा-बायकोचं तुटलं तरी बापाचं नाव का तुटावं? मी तिला हट्टी म्हटलं. सूड लेकरावर काढू नये म्हटलं. एकदा तर म्हटलं, पोरीच्या पाठीवरचा हात तू काढून घेतेयस. ती प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी उचलून खाली गेली. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला असतो, त्या दिवशी प्लास्टिकचा नव्हता. ती पिशवी घेऊन तशीच वर आली आणि दारात उभी राहिली. मला तेव्हा वाटलं, घमेंड किती या मुलीला.

खाली सायकलींच्या जागेत तू आणलेली बाळाची सीट अजून वेष्टनात आहे. ती महिनाभरातच लागेल असं तुला वाटलं होतं की काय कोण जाणे, पोर तर अजून पोटात होती. मी जाता-येता त्या सीटकडे बघायचे आणि मनाला सांगायचे, ज्याने एवढ्या लवकर सीट आणली तो नाव कसं नाकारेल? नंदिनी आडवी येतेय, एवढंच.

म्हणून काल तुला फोन केला. तिला एकदा फोन कर, गोड बोलून सांग, ती ऐकेल, असं म्हणणार होते. तू म्हणालास, आई, मीच तिला सांगितलंय माझं नाव लावू नकोस म्हणून. केव्हाच सांगितलंय. पुढे सगळ्यांनाच सोपं जाईल. तुला बोलली नाही ती?

नाही रे, बोलली नाही.

मी आत गेले. ती बाळाला पाजत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही त्याची आई आहात. माझ्यावर रागावलात तर दोन दिवसांत विसराल. त्याचं बोलणं कळलं असतं तर ते कसं विसरला असतात?

आज सकाळी आम्ही तिघी वॉर्ड ऑफिसात गेलो. रांगेत सगळे तरुण बाप होते, कुणाच्या हातात टोपी, कुणी डुलक्या घेत. खिडकीतल्या मुलीने आमच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. नंदिनी म्हणाली, आई, तुमचं लग्नाआधीचं नाव द्याल? मी तिथेच हलक्या आवाजात म्हणून पाहिलं. यामिनी स्नेहलता मोघे. तुझ्या नावाइतकं शोभत नाही. नंदिनीनेही म्हणून पाहिलं आणि म्हणाली, अडखळतंय थोडं. अडखळू दे. चालायला शिकेल.

हे पत्र एवढ्याचसाठी. लेकीचं पूर्ण नाव तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आणखी एक, तेही मीच सांगायला हवं. कधी तुझं मन फिरलं तर ये, मी दार उघडीन, जेवायला वाढीन. पण तिच्या नावात तुझी जागा धरून ठेवली आहे असं समजू नकोस. ती जागा भरली. तिथे मी उभी आहे, तिच्या पाठीवर हात ठेवून, आणि तो हात तिथे ठेवताना माझ्या पोटच्या पोराला बाजूला सारावं लागलं, हे मला मरेपर्यंत सलेल. तुझ्या नावात अजून तुझे बाबा आहेत. त्यांना सांभाळ.

तुझीच आई,
स्नेहलता