मोटर बंद होती तेव्हा

ताईपिंग,
१४ नोव्हेंबर

प्रिय काक लाँग,

थोरल्या बहिणीला धाकट्या भावाचा सलाम. कुचिंगला सगळे बरे असाल. भाचीचा खोकला थांबला का? इथे दुपार झाली की पाऊस ठरलेला. माकनं लेकीसाठी, म्हणजे तुझ्यासाठी, खारी मासळी काढून ठेवली होती, त्यातली निम्मी मांजरीनं संपवली. उरलेली आता कपाटावर आहे.

शुक्रवारी फोन होतोच, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोन स्पीकरवर असतो आणि अबाह शेजारी बसलेले असतात. वडिलांसमोर हे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

माझ्या रेसिंगच्या खेळाचं नवं स्टिअरिंग आलं. टेबलाला घट्ट बसवलंय. त्याच्या आत मोटर असते. पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की ती हातांना हिसका देते, वळणावर स्टिअरिंग जड करते, टायर घसरायला लागले की एकदम हलकं सोडते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. नवं असताना जोर फार ठेवलेला असतो. मग सगळेच धक्के सारखे लागतात, बारीक काही कळतच नाही. जोर उतरवत, थोडा जडपणा चढवत ते आपल्या हाताला बसवून घ्यावं लागतं.

मी अबाहना म्हटलं, "जन्मभर शाळेची व्हॅन चालवलीत. बसा जरा, खरं वाटतं का सांगा."

"ही कसली गाडी? हॉर्नसुद्धा नाही!" असं म्हणत बसलेच. पहिल्याच वळणावर म्हणाले, "जड आहे. मागे पोरं नसताना गाडी एवढी जड लागत नाही." मी जोर उतरवला. "हां, आता बरी." मग सरळ रस्ता आला. "सरळ रस्त्यावर ही थरथरते का रे?"

ही खोड मला ठाऊक होती. पकड सैल असली की मोटर आपली आपणच झुलायला लागते. मी जडपणा वाढवला. थरथर होतीच. जोर आणखी कमी केला, तरी होती. मला यंत्राचाच राग यायला लागला. शेवटी दोष नेमका कुठे आहे ते बघायला मी मोटर पूर्ण बंद केली आणि पडद्यावर स्टिअरिंगची रेघ लावली. ते स्थिर धरलं तर रेघ सरळ जाते, हललं तर वर-खाली होते.

"अबाह, नुसतं धरून ठेवा. काही करू नका."

मोटर बंद होती. रेघ थरथरत होती.

"आता तू धर," ते म्हणाले.

मी धरलं. रेघ सरळ. 

"बिघाड सापडला म्हणायचा," अबाह म्हणाले.

माक कोळंबीची भजी घेऊन आली. तिनं पडदा पाहिला, आमची तोंडं पाहिली आणि काही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. वर्षभर ती रोज सकाळी व्हॅनमध्ये पुढे बसून जात होती ना, आणि तू फोनवर चिडवायचीस, "माक, या वयात नवऱ्याला एक मिनिट सोडवत नाही का?" ती म्हणायची, भाजी आणायला जाते. मग तिनंच सांगितलं, कामुंतिंगच्या सरळ रस्त्यावर ती डाव्या सीटवरून हात लांबवून स्टिअरिंग खालून धरायची. मागच्या पोरांना वाटायचं, म्हातारा-म्हातारी लाडात आलेत.

एकदा तिलाही ते सावरलं नाही. शाळेच्या वळणावर व्हॅन फुटपाथवर चढली. कुणाला लागलं नाही, एका पोरीचा डबा तेवढा सांडला. अबाहनी पालकांना सांगितलं, रस्ता निसरडा होता.

मी म्हटलं, "उद्या व्हॅन काढायची नाही."

"मग पोरं काय पोहत जातील? तू नेणार? शाळेच्या व्हॅनचा परवाना आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग गप्प बस."

"या वेळी डबा सांडला, अबाह. पुढच्या वेळी काय सांडेल?"

मी त्यांच्याशी असं कधी बोललो नव्हतो.  अबाह उठून पडवीत गेले. मला वाटलं, आता किल्ली घेऊन निघतील. पण त्यांनी फोन काढला आणि त्या पलीकडच्या गल्लीतल्या, दुसरी व्हॅन चालवणाऱ्या दाऊदकाकांना लावला.

"दाऊद, उद्यापासून माझी पोरं घे. नाही रे, मी ठणठणीत आहे. हात बरे नाहीत."

सकाळी दाऊदकाका आले. कोण गाडीत ओकतं, कुणाला गुरुवारी आजीकडे सोडायचं, कोणती दोन भावंडं शेजारी बसवायची नाहीत, हे सांगत अबाह फाटकाशी उभे राहिले. सांगणं काही संपेना. दाऊदकाका म्हणाले, "एवढं कोण ध्यानात ठेवणार? चल, बस बाजूला." ते बसले. आता रोज जातात. माक घरी थांबते. पहिले काही दिवस ती भाजी निवडतानासुद्धा घड्याळाकडे बघायची.

डॉक्टरांना दाखवलं. औषध चालू आहे. थरथर कमी होईल, जाणार नाही, असं म्हणाले. गाडी मात्र बंदच. संध्याकाळी कधी कधी अबाह माझ्या खोलीत येऊन स्टिअरिंगपुढे बसतात. थरथर कमी जाणवावी म्हणून मी जडपणा वाढवून देऊ का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. इथे मागे कुणी बसलेलं नाही."

हे त्यांना स्वतःच तुला सांगायचंय, पण ते रोज उद्यावर ढकलतात. सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक.

आणि सुट्टीत येशील तेव्हा पेनांगच्या विमानतळावर गाडी मी आणेन. अबाह मागे बसलेले असतील. तू पुढे बसू नकोस, त्यांच्या शेजारी बस.

तुझा,
ईझुद्दीन