वूलपॅक हाउसच्या जिन्याला दांडा बसवू देण्याबाबत

दिनांक : गुरुवार, ७ नोव्हेंबर २०१९

प्रति,
मा. संवर्धन अधिकारी (ऐतिहासिक वास्तू),
ऑर्लबरी नगर परिषद,
जुना धान्यबाजार, ऑर्लबरी.

अर्जदार : सौ. अ‍ॅव्हरिल टक्वेल, वूलपॅक हाउस (मुक्काम व न्याहारी), मार्केट स्क्वेअर, ऑर्लबरी.

विषय : वूलपॅक हाउसच्या जिन्यास आधाराचा एक लाकडी दांडा येत्या शनिवारपूर्वी बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र. ३) पाहुण्यांच्या मुक्कामाच्या मुदतीबाबत आपल्या कार्यालयाचे पत्र, जे दुर्दैवाने माझ्या पतींनी वाचले.

महोदय,

१. यापूर्वीचे दोन्ही अर्ज मी रीतसर आणि थोडक्यात लिहिले होते. थोडक्यात लिहिलेल्याला नकारही थोडक्यात येतो, असा अनुभव आला. म्हणून या खेपेस सविस्तर लिहीत आहे. आपण चहा पिता पिता वाचलात तरी माझी हरकत नाही, पण शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती आहे.

२. मी व माझे पती श्री. विल्फ्रेड टक्वेल (यापुढे 'विल्फ') वूलपॅक हाउस चालवितो. विल्फ यांचा जन्म याच घरातला. पाहुण्यांच्या खोल्या तळमजल्यावर व मागच्या तबेल्यात आहेत. घोडे जाऊन फार काळ लोटला, तरी तबेल्याचे भाडे जास्त येते, कारण पाहुण्यांना तबेल्यात झोपायची हौस असते. आम्ही दोघे वर राहतो. वर जायला एकच जिना आहे, आणि सर्व तंटा त्या जिन्याचा आहे.

३. सदर जिना दोन भिंतींमध्ये दबलेला असून मध्यावर वळतो. पायऱ्या झिजून प्रत्येकीला खळगा पडला आहे. संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याचे वर्णन असे : 'जिना दुर्मीळ, आधाराच्या दांड्याविना, वरचा मजला पाहिलेला नाही.' ही ओळ कशी लिहिली गेली, हे आपले कार्यालय सोडून सगळ्या ऑर्लबरीला ठाऊक आहे. विल्फ पाच-सहा वर्षांचे असताना माझ्या सासूबाईंचे कपड्यांचे कपाट वर न्यायचे होते. ते वळणावर वळेना, म्हणून सासऱ्यांनी भिंतीवरचा दांडा उतरविला. तरीही कपाट अडकले ते अडकलेच. नेमके त्याच दिवशी लंडनहून यादी करणारे साहेब आले. त्यांनी खाली उभे राहून वर पाहिले. त्यांना जिना दिसला आणि दांडा दिसला नाही. अडकलेल्या कपाटाचा उल्लेख त्यांनी केला नाही हे आमचे नशीब, नाहीतर आज आम्हाला तेही तिथेच जतन करावे लागले असते. पुढे कपाट निघाले, सासरे दांडा परत लावायला गेले, तर कागद आला की दांडा नसणे हेच या जिन्याचे वैशिष्ट्य आहे, सबब त्यात फेरफार करू नये.

४. तेव्हापासून टक्वेल मंडळी भिंत चाचपत वर जातात. तक्रार कोणी केली नाही. धडधाकट माणसाला दांड्याची आठवण होत नाही. जूनमध्ये विल्फ यांना अर्धांगाचा झटका आला. ऑक्टोबरात रुग्णालयाने घरी पाठविले, तेव्हा डावा पाय ओढत, काठी टेकत ते सपाट जमिनीवर चालू लागले होते. उजवा हात शाबूत आहे. वर जाताना उजव्या भिंतीला धरायला काही असते, तर मी मागून आधार देऊन त्यांना वर नेले असते. काही नव्हते, म्हणून मी त्यांची व्यवस्था खालच्या खोलीत करायला घेतली. त्यावर आपल्या कार्यालयातून कळले की ती खोली पाहुण्यांसाठी नोंदलेली आहे. मालक तीत राहू लागल्यास 'वापरात बदल' होतो. आणि संरक्षित वास्तूत वापर बदलण्यास परवानगी लागते, ती साधारण वसंतात मिळते.

५. मी फोनवर रडले, हे मान्य करते. आपल्या कार्यालयातील बाईंना माझी दया आली. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? पाहुणा म्हणून दाखवा ना त्यांना. पाहुण्याला खालच्या खोलीत झोपायला कोणाची परवानगी लागते?" मी त्यांचे दोनदा आभार मानले. त्यांनी भल्यासाठीच सांगितले होते, आणि आजही माझा त्यांच्यावर राग नाही.

६. उद्या कोणी तपासायला आले तर खोट निघू नये, म्हणून मी सगळे पाहुण्याला करतात तसे केले. घडी केलेले टॉवेल, खोलीत चहाचा ट्रे, बशीत बिस्किटे, लाकडी ठोकळा लावलेली किल्ली. या झटक्याने हातापायाबरोबर विल्फ यांच्या डोक्यातलेही काही नेले होते. डॉक्टरांनी बजावले होते, "ओळखीच्या जागी ठेवा, ओळखीच्या सवयीत ठेवा, हळूहळू सगळं जाग्यावर येईल." मी ठेवले कुठे, तर पाहुण्याच्या जागी आणि पाहुण्याच्या सवयीत. पहिल्या आठवड्यातच एका सकाळी ते न्याहारीच्या टेबलाशी बसले असता मला म्हणाले, "मालकीणबाई, खोली छान आहे हो तुमची. झोप अगदी शांत लागली." विल्फ यांचा स्वभाव थट्टेखोर आहे. मीही म्हटले, "आवडली ना साहेब? मग पुन्हा या," आणि हसले. ते हसले नाहीत. "नक्की येऊ," म्हणाले.

७. महोदय, आमच्या धंद्यात स्वयंपाकघराचे दार ही सीमा असते. दाराच्या आत नवरा-बायको वाट्टेल तसे भांडतात आणि बाहेर येताना हसत येतात. लग्नापासून विल्फ आत तव्यापाशी आणि मी बाहेर थाळ्या घेऊन, असा आमचा संसार झाला. अंडी, बेकन, तळलेला पाव, सॉसेज हे सर्व त्यांच्या हातचे. "अगं ए, थंड होतंय, पळ," हे वाक्य मी रोज सकाळी ऐकले आहे आणि त्यावर रोज चिडले आहे. अर्जात त्यांना 'ते' म्हणावे लागते म्हणून म्हणते, घरात मी कधी म्हटले नाही, आणि त्याने मला 'तुम्ही' म्हटल्याचे आठवत नाही. आता म्हणतो. उठून खुर्ची सरकवून देतो, थाळी आणली की 'आभारी आहे' म्हणतो. उभ्या आयुष्यात त्याने माझ्याशी इतके सभ्य वर्तन केले नव्हते, आणि मला ते सोसवत नाही.

८. गेल्या रविवारी त्याने विचारले, "तुमचे यजमान दिसत नाहीत कुठे?" मी म्हटले, "आहेत आत." तो म्हणाला, "त्यांना सांगा, बेकन फार कडक होतंय. जरा आधी उतरवत जा म्हणावं. राग मानू नका हं, मला त्यातलं थोडंफार कळतं." बेकन मी करपवले होते, कारण तव्यापाशी मी असते. "सांगते त्यांना," असे म्हणून मी दाराच्या आत आले आणि ज्याला सांगायचे तो बाहेर बसलेला होता. आपल्या कार्यालयाच्या सल्ल्याने यजमानच पाहुणा झाला आहे, हे मी कोणाला जाऊन सांगावे, तेही कृपया कळवावे.

९. आता अर्जाचे मूळ कारण. सोमवारी संध्याकाळी मी त्याला फिरवत फिरवत जिन्यापाशी नेले. त्याने पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, आणि उजवा हात आपसूक उचलून भिंतीवर नेला. अगदी त्या जागी, जिथे दांड्याची जुनी भोके आहेत. हात भिंतीवर फिरला, काही सापडले नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, दांडा कुठे गेला?" महोदय, तो 'अगं' म्हणाला. घरी आल्यापासून पहिल्यांदा. दांडा निघाला तेव्हा तो लहान पोर होता, तरी त्याच्या हाताला ती जागा ठाऊक आहे, आणि हाताला जागा आठवली तशी तोंडाला मी आठवले. मी म्हटले, "आणते, थांब." पण आणून लावणार कशी? तोवर त्याने पाय खाली घेतला आणि म्हणाला, "माफ करा हं. वर मालक राहतात, नाही का? तिथं 'खासगी' लिहिलंय." ती पाटी त्यानेच रंगवलेली आहे. मी ती त्याच क्षणी उपटून काढली. पाटी काढण्यास आपली परवानगी लागत असल्यास हाच अर्ज त्यासाठीही समजावा.

१०. आपण स्थळपाहणीस आलात तेव्हा सुचविलेले पर्याय मी अनादर न करता तपासले आहेत. 'भिंतीला इजा न करता दोर बांधावा' : दोर वरच्या कपाटाच्या पायाला बांधला, ओढला तर कपाटच खाली यायला निघाले. 'खुर्चीत बसवून उचलून न्यावे' : आमचे शेजारी खाटीक श्री. टॅप्लिन यांनी माणूस सोबत घेऊन प्रयत्न केला. जिना एकामागे एक जाण्याइतकाच रुंद असल्याने वळणावर खुर्ची अडकली. श्री. टॅप्लिन वरच्या बाजूला कोंडले गेले, विल्फ मध्ये तिरका, आणि तशा स्थितीत तो श्री. टॅप्लिन यांना म्हणाला, "गर्दीच्या दिवसांत खोल्या मिळणं कठीणच असतं." 'जिना नसलेल्या बैठ्या बंगल्यात राहायला जावे' : यावर मी काही लिहीत नाही. आपण त्या दिवशी जिना उतरताना दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावून, शेवटी बसून उतरलात, यावरही काही लिहीत नाही.

११. मूळ दांडा कोळशाच्या खोलीत सासऱ्यांनी गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. मी तो पुसून तेल लावून ठेवला आहे. त्याच्या पट्ट्यांची भोके भिंतीतल्या भोकांशी तंतोतंत जुळतात. आपल्या नकाराच्या पत्रात म्हटले आहे की दांडा मूळचा असल्याचा पुरावा नाही, आणि भिंतीतली भोके मात्र ऐतिहासिक असल्याने बुजवू नयेत. भोके कशाची म्हणून ऐतिहासिक, हे त्यात लिहिलेले नाही. मी नवीन खिळा ठोकणार नाही. जुन्या भोकांत जुनाच दांडा बसेल. उतरण्यासाठी दुसऱ्या भिंतीला दांडा लागेल, हे मला समजते, पण त्याची मागणी मी करत नाही. एकदा वर गेला की उतरायचे काय, ते आम्ही दोघे बघू.

१२. घाई अशासाठी, की संदर्भ क्र. ३ चे पत्र मंगळवारी आले. सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त राहणारा पाहुणा हा पाहुणा राहत नाही, तो रहिवासी ठरतो व खोलीच्या वापरात बदल होतो. सबब मुदत संपताच खोली रिकामी करावी आणि त्याला लगेच पुन्हा उतरवून घेऊ नये, असे त्यात आहे. मुदत शनिवारी संपते. पत्र मी चुकून टोस्टच्या बशीजवळ ठेवले आणि ते त्याने वाचले. त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि म्हणाला, "नियम आहे, तुमचा काय दोष? शनिवारी निघतो मी." मी म्हटले, "राहा हो, कोणी काही म्हणणार नाही." तो म्हणाला, "नको, तुम्हाला त्रास व्हायचा. आणि खरं सांगू, घरी जायलाच पाहिजे आता. बायको वाट बघत असेल. तिला एकटीला झोप येत नाही, कबूल मात्र करायची नाही कधी."

१३. ते खरे आहे. मला झोप येत नाही.

१४. एका हाताने त्याने बॅग भरली आहे. शर्टांच्या घड्या मी घालू लागले तर म्हणाला, "असू द्या मालकीणबाई, हे तुमचं काम नव्हे." दहाला खोली सोडायची हा आमच्याच घरचा नियम, त्यामुळे दहाची टॅक्सी बोलावून ठेवायला त्याने मला सांगितले. कुठे जायचे म्हणून सांगू, असे मी विचारले. त्याने पत्ता दिला : वूलपॅक हाउस, मार्केट स्क्वेअर, ऑर्लबरी.

१५. मी टॅक्सी सांगितली आहे. शनिवारी दहाला मी दारात उभी राहून एका पाहुण्याला निरोप देईन. टॅक्सी चौकाला वळसा घालून त्याच दारात येईल आणि माझा नवरा घरी उतरेल. त्याला मी दार उघडेन, बॅग हातातून घेईन. खालची खोली त्याला देण्यास आपल्या पत्राने मला मनाई आहे, आणि द्यायची माझी इच्छाही नाही. इतक्या दिवसांनी घरी आलेला माणूस सरळ आपल्या बिछान्याकडे जातो. तो जिन्यापाशी जाईल, पायरीवर पाय ठेवील आणि भिंतीवर हात नेईल. त्या वेळी त्याच्या हाताला काहीतरी लागले पाहिजे.

श्री. टॅप्लिन शुक्रवारी दिवसभर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मोकळे आहेत. होकार एका ओळीत कळविलात तरी पुरेल.

आपली नम्र,

सौ. अ‍ॅव्हरिल टक्वेल
(विल्फची बायको)