गॅरेजवाल्याला नको म्हणून सांगा

अहो,

तुम्ही मळ्यातून यायच्या आत आम्ही निघतोय. गॅरेजवाल्याला येऊ नको म्हणून फोन करा आणि गाडी विकायचं डोक्यातून काढा. रोज संध्याकाळी तुम्ही रेस कमी करता आणि सकाळी गाडी परत उभ्या उभ्या बोंबलते, त्याचं कारण सापडलं. कार्बोरेटर बरा आहे, तुम्ही बदललेला पाइपही बरा आहे. मामंजी गुपचूप रेसचा स्क्रू पिळतात!

आज मी अंगण झाडायला गेले, तर मामंजी बॉनेट उघडून वाकलेले. मी गाडी शिकायला लागल्यापासून माझ्याशी धड बोललेत का? पण पकडले गेले तेव्हा म्हणाले, "डिंभ्याच्या म्होरं चढाला तुझ्या हातनं बंद पडली, तर मागं ट्रक असतो. म्हणून रेस वाईच वाढवली."

मी म्हटलं, चढाला ठीक आहे, पण येताना उतारावर ती आवरायची कशी? मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिला. रेस मी बरोबर लावली आहे.

तळेघरच्या शाळेवर आज पहिल्यांदा एसटीची वाट न बघता जातेय. भाकरी टोपल्यात आहेत, कालवण गरम करून घ्या. मामंजी सोबत येतायत. केव्हाचे पुढच्या सीटवर बसलेत, मांडीवर चाकामागं लावायचा दगड घेऊन. डिकीत ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "गाडी मागं यायला लागली, तर डिकी उघडंस्तवर थांबती व्हय?"

ज्योत्स्ना